जुन्या जीपचे नोझल : निगा, तपासणी आणि दुरुस्ती

(हैदराबाद येथे मराठी भाषिक शेतकरी, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय दिसावयास लहान आहे. हाताच्या मुठीत मावेल एवढ्या एका वस्तूबद्दल मी बोलणार आहे. पाठ्यपुस्तकात तिला इंधनाचा अंतःक्षेपक म्हणतात, कारखान्याच्या कागदपत्रांत इंजेक्टर म्हणतात, आणि आपण सर्वजण तिला नोझल म्हणतो. काटेकोरपणे पाहिले तर नोझल हे इंजेक्टरचे केवळ टोक होय. परंतु गॅरेजमध्ये सबंध वस्तूलाच ते नाव पडले आहे, आणि मीही आज तेच वापरणार आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, वाड्यात किंवा शेतावर अद्यापही जुनी डिझेल जीप आहे. हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींचे नांदेड, देगलूर, उदगीर, बीदर, आदिलाबाद या बाजूंना जाणेयेणे कधी थांबलेले नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. पण शेती, सोयरीक आणि बाजार यांचे रस्ते होते तेथेच राहिले. त्या रस्त्यांवर, विशेषतः डांबरी सडक सोडून काळ्या मातीत शिरणाऱ्या वाटांवर, चारही चाकांना जोर देणारी ही लहान गाडी आजही उपयोगी पडते. पावसाळ्यात आजारी माणसाला दवाखान्यात पोचविणे असो, बियाण्याची पोती नेणे असो, वा लग्नाचे वऱ्हाड असो, गाडी सुरू होणे न होणे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आणि ती सुरू होणे पुष्कळ अंशी या नोझलवर अवलंबून असते.

जीपमध्ये डिझेल कसे आले

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, हे आपणांस ठाऊक असेल. त्या आरंभीच्या जीप पेट्रोलवर चालत. इंधनाचे भाव वाढू लागले तशी ग्रामीण भागातून डिझेल जीपची मागणी वाढली. काही जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन बसविले गेले. १९७९ मध्ये फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या डिझेल इंजिनाच्या उत्पादनाचा परवाना मिळाला. इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला, आणि प्यूजो इंजिनाची जीप गावोगाव पोचली. पुढे याच कंपनीने इंधन थेट दट्ट्यावर फवारणारी, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनची, इंजिनेही बसविली. आपल्या हैदराबादपासून मुंबईच्या रस्त्याला लागल्यावर झहीराबादला या कंपनीचा कारखाना दिसतो, तो आपल्यापैकी अनेकांनी जातायेता पाहिला असेल.

नोझल आणि पंप यांचा इतिहासही थोडक्यात सांगितला पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन प्रथम बनविले तेव्हा इंधन आत घालण्यासाठी दाबाखालील हवा वापरावी लागे. त्याकरिता वेगळा अवजड संपीडक लागत असल्यामुळे असे इंजिन मोटारीत बसविणे शक्य नव्हते. बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेलच्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, आणि त्यानंतर डिझेल इंजिन मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर येऊ शकले. भारतात १९५१ साली बंगलोर येथे मायको ही कंपनी या कामासाठी स्थापन झाली. जुन्या पंपांवर आणि नोझलवर मायको हा शिक्का आपण पाहिला असेल. पुढे नाशिकच्या कारखान्यात नोझल तयार होऊ लागली. २००८ पासून ही कंपनी बॉश याच नावाने ओळखली जाते.

नोझल काय काम करते

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि जाळ होतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती अतिशय तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. मात्र डिझेल धार धरून पडले तर ते नीट पेटत नाही. ते धुक्यासारखे बारीक व्हावे लागते. ओले लाकूड आणि लाकडाचा भुसा यांच्या जळण्यात जो फरक, तोच येथे आहे.

हे काम नोझल कसे करते? तिच्या पोटात एक सुई असते. वरून एक मजबूत स्प्रिंग त्या सुईला खाली दाबून ठेवते. पंपाकडून डिझेलचा दाब आला आणि तो स्प्रिंगच्या जोरापेक्षा अधिक झाला, की सुई क्षणभर उचलली जाते, फवारा उडतो, दाब कमी होतो, आणि सुई पुन्हा आपल्या बैठकीवर घट्ट बसते. प्यूजोसारख्या इंजिनात, जेथे इंधन प्रथम एका लहान कोठडीत फवारले जाते, तेथे सुई साधारणपणे हवेच्या दाबाच्या शंभर ते दीडशे पट दाबाला उघडते. इंधन थेट दट्ट्यावर फवारणाऱ्या जुन्या इंजिनांत हा आकडा दोनशेच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा हस्तपुस्तिकेत दिलेला असतो. तोच प्रमाण मानावा, शेजाऱ्याच्या गाडीचा नव्हे.

शिक्षक मंडळी येथे आहेत म्हणून एक हिशेब मांडतो. वर्गात मुलांकडून तो करवून घ्यावा. चार सिलिंडरची जीप ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे, लिटरला १० किलोमीटर जाते आहे, आणि इंजिनाचे मिनिटाला २,००० फेरे होत आहेत, असे समजा. चार धक्क्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा इंधन येते. म्हणजे प्रत्येक नोझल मिनिटाला १,००० वेळा, तासाला ६०,००० वेळा उघडते. चारही मिळून तासाला २,४०,००० फवारे आणि डिझेल ४ लिटर. भागाकार केला तर एका फवाऱ्यात सुमारे १७ घन मिलिमीटर डिझेल येते. पाण्याचा साधा थेंबसुद्धा याच्या तिप्पट भरतो. आणि ही गाडी १०,००० किलोमीटर चालेपर्यंत, म्हणजे २५० तासांत, एकेक सुई दीड कोटी वेळा उघडून मिटलेली असते.

सुई आणि तिचे घर यांच्यामधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चार पट इतकीच असते. आपल्या डोक्याचा केस साधारणतः सत्तर हजारांश मिलिमीटर जाड असतो. यावरून धुळीचा एक कण तेथे काय करू शकेल याची कल्पना यावी. ही सुई आणि हे घर एकमेकांत घासून जोडीने तयार केलेले असतात. एका घराची सुई दुसऱ्या घरात कधीही चालत नाही. हे वाक्य आपण विशेष लक्षात ठेवावे, कारण ते न पाळल्याची किंमत मी स्वतः पाहिली आहे.

माझ्या हातून झालेली चूक

उमेदवारीच्या दिवसांत मी या शहरातील एका लहानशा वर्कशॉपमध्ये काम शिकत होतो. हैदराबादेत मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. आमचे उस्ताद नमाजासाठी गेले होते, आणि बीदरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या जीपची चार नोझल उघडून स्वच्छ करण्याचे काम माझ्याकडे होते. मी उत्साहाने चारही उघडली आणि सगळे भाग एकाच परातीत डिझेलमध्ये बुडविले. वर काढताना चारही सुया सारख्याच दिसल्या. जी हाताला आली ती जिच्यात गेली तिच्यात घातली. यंत्रावर तपासण्याची वाट न पाहता नोझल गाडीवर चढविली. गाडी सुरू झाली. थोडा ठोका येत होता, धूरही होता. पण मालक घाईत होते, आणि मी गप्प राहिलो.

तीन आठवड्यांनी ती जीप दुसऱ्या गाडीला बांधून परत आली. एका नोझलची सुई पूर्ण मिटत नव्हती. डिझेल थेंबथेंब गळत राहिले, नको त्या वेळी जळत राहिले, आणि दट्ट्याचा माथा वितळून त्याला भोक पडले होते. तुरीचा हंगाम होता. त्या शेतकऱ्याची गाडी दीड महिना उभी राहिली आणि भाड्याच्या गाडीत माल घालून त्याला बाजार गाठावा लागला. उस्तादांनी दट्ट्याचा खर्च स्वतः सोसला. मला ते एवढेच म्हणाले, “बेटा, गाडी बोलत होती, तू ऐकले नाहीस.” त्या दिवसापासून चार नोझलसाठी चार वाट्या, आणि प्रत्येक वाटीवर सिलिंडरचा क्रमांक, हा माझा नियम आहे.

गाडी काय बोलते

नोझल बिघडल्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. चढावर किंवा भार असताना काळा धूर निघतो. सकाळी इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो, आणि सुरू झाल्यावर काही वेळ पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. इंजिन उभ्या गाडीत लंगडते. धातूवर हातोडी मारावी तसा ठोका ऐकू येतो. पिकअप जातो, ॲव्हरेज उतरते. ऑइलच्या पट्टीवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि त्यास डिझेलचा वास येतो. हे शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर समजावे. त्याचा अर्थ असा की न जळलेले डिझेल दट्ट्याच्या बाजूने खाली उतरून ऑइल पातळ करीत आहे. अशी गाडी एक दिवसही चालवू नये.

तथापि, धूर दिसला की नोझलच दोषी, असे समजणेही बरोबर नाही. हवेचा फिल्टर धुळीने भरला असेल तरी काळा धूर येतो. डिझेलचा फिल्टर तुंबला असेल तरी जोर कमी होतो. गाडीने एअर घेतली असेल, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल, तरी ती झटके देते. प्यूजो इंजिनात थंडीच्या वेळी सुरू करण्यासाठी हीटर प्लग असतात. त्यांतील एखादा जळला असेल तरी सकाळी त्रास होतो. टॅपेट बिघडले असतील, काॅम्प्रेशन गेले असेल, पंपाचे टायमिंग हलले असेल. म्हणून प्रथम स्वस्त आणि सोप्या गोष्टी तपासाव्यात, मगच नोझलला हात लावावा. या क्रमाने गेल्यास पुष्कळदा नोझल काढण्याची वेळच येत नाही.

कोणत्या सिलिंडरचे नोझल बिघडले आहे हे शोधण्याची जुनी पद्धत अशी. इंजिन सावकाश चालू ठेवून एकेका नोझलकडे येणाऱ्या पोलादी नळीचा नट किंचित सैल करावा. इंजिनाचा ठेका बदलला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथे आहे. नट लगेच पुन्हा कसावा. हे करताना डोळ्यांवर चष्मा असावा, नटावर जाड फडके धरावे आणि तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल सांडू देऊ नये.

येथे एक कडक इशारा देणे आवश्यक आहे. ही पद्धत केवळ जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या डिझेल गाड्यांत दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असतो. तेथे इंजिन चालू असताना नळीचा नट सैल करणे म्हणजे जीवावर बेतणे होय.

फवाऱ्याचे भय

जुन्या गाडीच्या बाबतीतही नोझलचा फवारा हातावर कधी घेऊ नये. काही ठिकाणी नोझल बाहेर काढून, नळीला जोडून, इंजिन फिरवून फवारा पाहण्याची सवय आहे. ही सवय सोडून द्यावी. तो फवारा कातडी भेदून आत जातो. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही, प्रारंभी दुखतही नाही. परंतु डिझेल आत स्नायूंत पसरते आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच वेळी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आणि दाबाखालील डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

नोझल काढणे व बसविणे

काम सुरू करण्यापूर्वी नोझलच्या भोवतालची जागा ब्रश आणि डिझेलने धुऊन पुसून घ्यावी. अन्यथा नोझल वर येताच भोवतालची माती सिलिंडरमध्ये पडते. नळ्या सोडल्यावर त्यांची आणि पंपाची तोंडे स्वच्छ टोपणांनी बंद करावीत. चिंधी कोंबू नये, कारण तिचे धागे आत जातात. पोलादी नळ्या वाकवू नयेत.

नोझलच्या खाली तांब्याचा वायसर असतो. तो पुष्कळदा भोकातच चिकटून राहतो. जुना वायसर न काढता त्यावर नवा बसविला, तर नोझल नेमून दिलेल्या जागेपेक्षा वर राहते आणि फवारा चुकतो. जुना वायसर पुन्हा वापरला, तर बाजूने जळता वायू निसटतो, नोझल अवाजवी तापते आणि तिची सुई अडकते. नोझल निघाली की वायसर नवा, हा नियम करावा. वायसर अल्प किमतीची वस्तू आहे, दट्ट्या नाही.

नोझलच्या टोकावरील काजळी पितळी तारांच्या ब्रशने किंवा लाकडाच्या काडीने काढावी. पोलादी ब्रश, पॉलिश कागद, सुरी यांचा उपयोग करू नये. सुई काढल्यावर ती शेपटीकडून धरावी. घासलेल्या भागाला बोट लावू नये, बोटाच्या घामानेही तेथे गंज चढतो. सुई व घर स्वच्छ, गाळलेल्या डिझेलमध्ये धुवावे आणि ओलेच जोडावे. कॉटन वेस्टने पुसू नये. घर तिरपे धरून त्यात सुई एक तृतीयांश बाहेर ठेवून सोडली, तर ती स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकली पाहिजे. अडली तर ती जोडी बदलावी.

बसविताना नट हाताने पूर्ण चढवून मग हस्तपुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने कसावेत. जास्त जोर लावल्यास नोझलचे अंग दबते आणि सुई अडकते. कसणे म्हणजे बळ दाखविणे नव्हे. त्यानंतर एअर काढावी: प्रथम फिल्टरवरील स्क्रू, मग पंपावरील स्क्रू, आणि शेवटी नोझलकडील नट, या क्रमाने. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की नट कसावा. सांडणारे डिझेल पत्र्याच्या डब्यात धरावे, जमिनीत मुरू देऊ नये.

यंत्रावरील तपासणी

नोझल नीट आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी हाताने दाबावयाच्या पंपाचे आणि दाबमापकाचे तपासणी यंत्र असते. राणीगंज भागात आणि शहरातील इतर ठिकाणी पंप व नोझलचे काम करणारी दुकाने आहेत. तेथे गेल्यावर नोझल देऊन चहाला जाऊ नये. समोर उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, सुई नेमून दिलेल्या दाबाला उघडते का, आणि चारही नोझलचे आकडे सारखे आहेत का. स्प्रिंगवरील स्क्रू फिरवून किंवा पातळ चकती घालून हा दाब जुळविता येतो. दुसरी गोष्ट, फवारा सर्व बाजूंनी सारखा, धुक्यासारखा आहे का. त्यात एखादी धार दिसत असेल तर नोझल नापास. तिसरी गोष्ट, दांडी सावकाश दाबताना नोझल कर्रकर्र असा आवाज करते का. हा आवाज सुई मोकळी असल्याची खूण आहे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, उघडण्याच्या दाबापेक्षा सुमारे वीसने कमी दाब दहा सेकंद धरून ठेवला असता टोकावरून थेंब पडता कामा नये. माझ्या त्या जुन्या चुकीत ही चौथी तपासणी झाली असती, तर एका शेतकऱ्याचा हंगाम वाचला असता.

दुरुस्तीनंतर पुन्हा ह्याच चार गोष्टी पाहाव्यात, आकडे कागदावर लिहून घ्यावेत, आणि बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. यात संशय घेण्यासारखे काही नाही. चांगला कारागीर स्वतःच दाखवितो.

पाणी, धूळ आणि डिझेलची साठवण

नोझल झिजून मरते त्यापेक्षा अधिक वेळा ती घाणीने मरते. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली, तर रात्रीच्या गारव्यात टाकीच्या रिकाम्या भागातील दमट हवेचे पाणी होते आणि ते तळाशी साचते. पाणी पंपात गेले की गंज आणि गंजाचे कण नोझलपर्यंत पोचतात. म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरलेली ठेवावी, फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी वेळोवेळी काढावे, आणि फिल्टर ठरलेल्या अंतरावर बदलावा. फिल्टर धुऊन पुन्हा घालण्यात बचत नाही.

शेतावर पिंपात डिझेल ठेवावे लागत असेल तर पिंप सावलीत, किंचित तिरपे ठेवावे. नवीन डिझेल ओतल्यावर ते स्थिर होऊ द्यावे आणि तळाचे चार बोटे डिझेल गाडीत घालू नये. शंका आल्यास काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडे डिझेल घेऊन रात्रभर ठेवावे. पाणी असेल तर सकाळी तळाशी वेगळा थर दिसेल. शाळेतही हा प्रयोग करून दाखविता येईल; मात्र ज्योतीपासून दूर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा मोह अजून काही ठिकाणी दिसतो. तो गुन्हा तर आहेच. शिवाय नोझलच्या सुईला दुसरे वंगण नसते. तिला डिझेलच वंगण पुरविते, आणि रॉकेल त्या बाबतीत फार दुबळे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भाग इतके कमी केलेले आहे. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुण कमी होतो हे खरे. पण तो भरून काढण्याची व्यवस्था शुद्धीकरण कारखान्यातच केलेली असते. म्हणून कोणी सांगितले म्हणून टाकीत इंजिन ऑइल ओतू नये.

पेट्रोलच्या जिप्सीविषयी

काही मंडळींकडे मारुती जिप्सी आहे. १९८५ साली आलेली ही गाडी आरंभी कार्बोरेटरची होती; सुमारे २००० सालापासून तिला पेट्रोलचे इंजेक्शन बसविण्यात आले, आणि २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. तिचे इंजेक्टर विजेच्या वेटोळ्याने उघडतात आणि तेथील दाब डिझेलच्या मानाने फारच कमी, हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट असतो. परंतु पेट्रोल तत्काळ पेट घेते. म्हणून नळी उघडण्यापूर्वी दाब उतरविणे, बॅटरीची तार काढणे आणि जवळ आग नसणे या तीन गोष्टी पाळाव्यात. चालू इंजिनात प्रत्येक इंजेक्टरचा टिकटिक आवाज स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकता येतो. आवाज नसेल तर आधी विजेचा प्लग आणि तार पाहावी. आता पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरास ते मानवतेच असे नाही. यास्तव जुन्या जिप्सीच्या रबरी नळ्या व इंजेक्टरचे रबरी कडे वरचेवर तपासावे, आणि गाडी महिनोन् महिने तेच पेट्रोल ठेवून उभी करू नये.

जुनी गाडी ठेवावी की मोडीत काढावी

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर योग्यता तपासून नोंदणी पुढे वाढवून घ्यावी लागते. जुनी गाडी ठेवण्याचा हक्क अशा रीतीने आपणांस आहे. परंतु त्या हक्काबरोबर एक कर्तव्यही आहे. काळा धूर गाडीच्या मागे बसलेल्या मालकाच्या नाकात जात नाही. तो रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलाच्या, फुले विकणाऱ्या बाईच्या छातीत जातो. नोझल, फिल्टर आणि पंप नीट ठेवूनही जी गाडी धूर सोडणे थांबवीत नाही, तिचे इंजिन उघडावे. आणि तेही परवडत नसेल तर तिला निरोप द्यावा. भावनेपोटी धूर सोडीत फिरणे हे गाडीवरचे प्रेम नव्हे.

एक शेवटची सूचना. कार्यालयीन वाहनाला नोंदवही असते, तशी प्रत्येक जुन्या गाडीला एक साधी वही असावी. त्यात तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, बदललेला फिल्टर, नोझल तपासल्याचे आकडे एवढेच लिहावे. घरातील शाळकरी मुलाकडे हे काम सोपवावे. लिटरला किती किलोमीटर पडले याचा हिशेब तो दर महिन्याला करील, आणि हा आकडा खाली घसरू लागला की गाडी बंद पडण्यापूर्वीच आपणांस कळेल. उस्ताद म्हणाले होते की गाडी बोलते. ज्यांना तिचा आवाज ओळखता येत नाही, त्यांना ही वही तो वाचून दाखवील.

बाहेर मैदानात दोन जीप उभ्या आहेत आणि चार वाट्या मी बरोबर आणल्या आहेत. ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी यावे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.